मोजलं काय आणि सांगितलं काय? स्क्वॉट, टाच आणि पोट यांचा शंभर वर्षांचा इतिहास

मागच्या वर्षी माझा पीएचडीचा सिनॉप्सिस आरआरसीसमोर मांडला. शीर्षक मोठ्या हौसेनं ठेवलं होतं: ‘पादत्राणांची निवड आणि कोअर ट्रेनिंग यांद्वारे स्क्वॉटमधील ताकद वाढवणे’. एमएस्सी फिजिक्स करून मी बायोमेकॅनिक्सकडे वळलेलो, त्यात स्वतः सहा-सात वर्षं जिममध्ये घाम गाळलेला. विषय म्हणजे हातचा मळ वाटत होता. चौथ्या स्लाइडवर बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मॅडमनी थांबवलं.

“एक सांगा. तुम्ही आत्ता साध्या बुटात शंभर किलोचा स्क्वॉट मारलात. पंधरा मिनिटांनी मी तुम्हाला उंच टाचेचे लिफ्टिंगचे बूट दिले आणि तुम्ही एकशे पाच मारलेत. या पंधरा मिनिटांत तुमची ताकद वाढली का?”

मी म्हटलं, “हो... म्हणजे, आकडा वाढला ना मॅडम.”

“आकडा वाढला हे मलाही दिसतंय. ताकद वाढली का, ते विचारतेय.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस परत आला. फेलोशिपचं घड्याळ तिकडे चालूच होतं, आणि मी मात्र पुन्हा शून्यावर. गाईडनी एकच काम दिलं: “नवीन पेपर बंद कर. हा प्रश्न आधी कोणी, कधी आणि कसा विचारला ते शोध.” तेव्हा खूप राग आला होता. ताकदीचं मोजमाप करायला निघालेल्या माणसाला इतिहास कशाला? पण पुढचे चार महिने जे वाचलं, त्यातून माझा प्रश्न बदलला. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत, किंवा पहिला सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांच्यासाठी हा इतिहास इथे मांडतोय. तुमचा विषय स्क्वॉट नसला तरी वाचा. मी केलेली चूक कुठल्याही विषयात करता येते!

बैठकीत टाच वर, बारबेलखाली टाच खाली

सिनॉप्सिस परत आल्यावर मी काही दिवस गावी गेलो होतो. कराडच्या बाजूला आमचं गाव. तिथल्या तालमीत वस्तादांना माझे नवे लिफ्टिंगचे बूट दाखवले. त्यांनी एक बूट उलटापालटा करून टाचेवर बोटानं टकटक केली आणि म्हणाले, “टाचंखाली फळी घातलीस व्हय रं? मग घोटा वाकायचा कधी?” मी हसून विषय बदलला. हा प्रश्न लक्षात ठेवा, शेवटी तो परत येणार आहे.

तालमीतली बैठक तुम्ही पाहिली असेल. अनवाणी पाय, खाली माती. माणूस खाली जातो तसा चवड्यांवर येतो आणि टाचा उचलल्या जातात. हात मागे-पुढे झुलतात आणि श्वासाची लय सांभाळत बैठका शेकड्यांनी मारल्या जातात. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी १९३६ पासून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड काढले. आपल्याकडच्या व्यायामप्रकारांची इतक्या शिस्तीनं नोंद करणारं दुसरं काम मराठीत सापडणं अवघड. बैठकीत वजन म्हणजे स्वतःचं शरीर. वाढवायची ती संख्या.

गंमत अशी, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतही गुडघे वाकवून खाली बसण्याचा व्यायाम साधारण असाच होता. टाचा जुळवायच्या, चवड्यांवर यायचं आणि हलकं वजन घेऊन बसायचं-उठायचं. वजन हलकं आहे तोवर हे चालतं. खांद्यावर शंभर-दीडशे किलो आले की चालत नाही, कारण साधं भौतिकशास्त्र आहे. शरीर आणि बारबेल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य पावलाच्या टेकलेल्या भागावरच राहायला हवा. चवड्यांवर उभं राहिलात की तो भाग एकदम लहान होतो.

हा बदल घडवणाऱ्यांत एक मोठं नाव म्हणजे हेन्री ‘मिलो’ स्टाइनबॉर्न. हा जर्मन ताकदवान पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियात नजरकैदेत होता आणि १९२१ मध्ये अमेरिकेत आला. आज आपण रॅकमधून बारबेल खांद्यावर घेतो. त्याच्याकडे रॅक नव्हता. तो लांब बारबेल एका टोकावर उभा करायचा, त्याला पाठ लावायचा, तिरपा करून खांद्यांवर ओढून घ्यायचा आणि तसाच खाली बसायचा. उठल्यावर उलट्या क्रमानं खाली ठेवायचा. पाऊल मात्र पूर्ण जमिनीला टेकलेलं. पुढे १९३० च्या दशकात ‘स्ट्रेंथ’ मासिकाचे संपादक मार्क बेरी यांनी जड स्क्वॉट हाच शरीर वाढवण्याचा पाया असल्याचा प्रचार केला आणि हा व्यायाम अमेरिकेत घरोघरी पोचला.

म्हणजे आपला प्रश्न इथे जन्मला. जड वजन आलं, पाऊल टेकलं आणि घोट्यावर भार पडला. पाऊल टेकून खोल बसायचं तर नडगी पुढे झुकायला हवी, म्हणजेच घोटा भरपूर वाकायला हवा. तो वाकला नाही, तर ढुंगण मागे जातं आणि तोल सांभाळण्यासाठी धड पुढे झुकतं. ज्यांचा घोटा आखूड, त्यांची पाठ कष्टी. यावर दोनच उपाय: घोटा सुधारा, किंवा टाचेखाली काहीतरी घाला.

बुटाचे दोन पंथ

टाचेखाली ‘काहीतरी’ घालण्याचं काम ऑलिंपिक वेटलिफ्टिंगनं केलं. स्नॅच किंवा क्लीन करताना बारच्या खाली शिरण्याच्या दोन पद्धती होत्या. स्प्लिट पद्धतीत एक पाय पुढे आणि एक मागे टाकायचा. मागचा पाय चवड्यावर येणार, म्हणून त्यासाठी लवचीक तळाचा बूट बरा. स्क्वॉट पद्धतीत दोन्ही पायांवर खोल बसायचं. १९५० आणि ६० च्या दशकांत दुसरी पद्धत हळूहळू वरचढ ठरली. बारखाली जितकं खोल बसाल तितकं वजन कमी उंचीपर्यंत ओढावं लागतं, हा सरळ हिशेब त्यामागे होता.

पद्धत बदलली तसा बूटही बदलला. उंच आणि कडक टाच आली: आधी लाकूड किंवा चामड्याचे थर, नंतर कडक प्लास्टिक. आज बाजारात मिळणाऱ्या अशा बुटांची टाच पुढच्या भागापेक्षा साधारण २० मिलिमीटर उंच असते. उंचीइतकाच महत्त्वाचा तिचा कडकपणा. धावण्याच्या बुटाचा मऊ तळ वजनाखाली दबतो आणि डुलतो. लिफ्टिंगच्या बुटाची टाच दबत नाही.

याच काळात दुसरा पंथ तयार झाला. पॉवरलिफ्टिंग वेगळा खेळ म्हणून उभा राहिला. अमेरिकेत १९६५ मध्ये त्याची पहिली अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि स्क्वॉट ही स्वतंत्र स्पर्धेची उचल बनली. इथे बारखाली शिरण्याचा प्रश्न नाही. बार आधीच पाठीवर आहे, नियमाइतकं खाली जायचं आणि उठायचं. बऱ्याच पॉवरलिफ्टरांनी बार पाठीवर थोडा खाली घेतला, पाय रुंद ठेवले, ढुंगण मागे ढकललं. अशा स्क्वॉटमध्ये नडगी फार पुढे जातच नाही, मग उंच टाच कशाला? त्यांनी सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट पसंत केले. मूळचे बास्केटबॉलसाठी बनलेले कॉन्व्हर्स कितीतरी पॉवरलिफ्टिंग जिममध्ये जणू गणवेशच झाले.

आता जरा थांबून बघा. दोन्ही पंथांतले लोक प्रचंड वजनं उचलत होते. एक म्हणतो टाच हवी, दुसरा म्हणतो नको. दोघंही खोटं बोलत नव्हते. ‘स्क्वॉट’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या हालचाली होत्या. माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी नुसतं ‘स्क्वॉट’ लिहिलं होतं. कुठला, किती खोल, बार कुठे, काही नाही. पहिली चूक इथेच.

सहा अंशांचा हिशेब

फिजिक्सवाला असल्यामुळे मी कागद-पेन घेऊन बसलो. तुम्हीही करून बघा, अकरावीची त्रिकोणमिती पुरते. टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर धरा १८ सेंटीमीटर, टाचेची जादा उंची २ सेंटीमीटर. पाऊल साधारण ६ अंशांनी तिरपं होतं. म्हणजे घोटा जेवढा वाकतो तेवढाच वाकला, तरी नडगी जमिनीच्या तुलनेत ६ अंश जास्त पुढे जाऊ शकते.

समजा, त्यामुळे धड उभ्या रेषेपासून ४५ अंशांऐवजी ४१ अंशच झुकलं. (हे ४ अंश मी हिशेबासाठी धरलेत, मोजलेले नाहीत.) खुब्यापासून बारपर्यंत ५० सेंटीमीटर आणि बार १०० किलोचा. पहिल्या स्थितीत बारमुळे खुब्याभोवती सुमारे ३४७ न्यूटन-मीटर टॉर्क येतो, दुसऱ्या स्थितीत सुमारे ३२२. जवळपास ७ टक्क्यांची सूट!

पण ही सूट फुकट मिळत नाही. गुडघा पुढे गेला, म्हणजे गुडघ्याभोवतीचा टॉर्क वाढला. भार नाहीसा झाला नाही, खुबा आणि पाठीकडून गुडघ्याकडे सरकला. ज्याच्या मांड्या दणकट आणि पाठ तुलनेनं कच्ची, त्याचा आकडा लगेच वाढेल. ज्याचं उलट आहे, त्याचा वाढणार नाही, कदाचित घटेलही. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे पहिल्यांदा दिसलं. पंधरा मिनिटांत ताकद वाढत नाही. असलेल्या ताकदीची वाटणी बदलते.

हिशेब झाला, पण प्रयोग काय म्हणतात? २०१२ मध्ये सातो आणि सहकाऱ्यांनी २५ जणांना त्यांच्या कमाल वजनाच्या ६० टक्के वजनावर स्क्वॉट करायला लावलं, एकदा धावण्याच्या बुटात आणि एकदा लिफ्टिंगच्या बुटात. लिफ्टिंगच्या बुटात धड पुढे झुकण्याचं प्रमाण कमी आढळलं. हा पेपर खूप गाजला. पुढे २०१९ मध्ये ली आणि सहकाऱ्यांनी हौशी लिफ्टरांवर काम केलं, तेव्हा उंच टाचेमुळे धडाच्या किंवा पायांच्या हालचालीत म्हणावा असा फरक दिसला नाही.

मग खरं कोण? घाई करू नका, आधी तुलना कशाशी केली ते बघा. सातोंच्या प्रयोगात समोर मऊ तळाचा धावण्याचा बूट होता. लींच्या प्रयोगात समोर अनवाणी पाय होता. धावण्याच्या बुटाशी तुलना केली की टाचेची उंची आणि तळाचा कडकपणा या दोन्ही गोष्टी एकदम बदलतात. फरक कशामुळे पडला हे त्यातून वेगळं काढता येत नाही. पेपर वाचताना निष्कर्षाआधी ‘तुलनेचा बूट’ शोधायचा, ही सवय मला इथे लागली.

आणखी एक. सातोंनी मोजला तो धडाचा कल. ‘ताकद’ त्यांनी मोजलेलीच नव्हती. मी मात्र माझ्या सिनॉप्सिसमध्ये बिनधास्त त्यांचा दाखला देऊन लिहिलं होतं, की बुटामुळे ताकद वाढते.

गुडघ्याची भीती

मोजलेलं एक आणि सांगितलेलं दुसरं, याचं या क्षेत्रातलं सगळ्यात महागडं उदाहरण १९६१ चं आहे. टेक्सस विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी वेटलिफ्टरांचे गुडघे तपासले. गुडघा बाजूला किती हलतो हे मोजायचं एक उपकरण त्यांनी बनवलं होतं. खोल स्क्वॉट करणाऱ्यांचे लिगामेंट सैल पडतात असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि मांडी जमिनीला समांतर होण्यापलीकडे खाली जाऊ नका असा सल्ला दिला.

सल्ला वाऱ्यासारखा पसरला. कित्येक प्रशिक्षकांनी खोल स्क्वॉट बंद केला. ‘पूर्ण खाली बसलास तर गुडघे जातील’ हे वाक्य तुम्हीही तुमच्या जिममध्ये ऐकलं असेल. सांगणाऱ्याला क्लाइन हे नावही माहीत नसतं. साठ वर्षांनंतर मूळ पेपर विसरला गेला आणि त्याची भीती तेवढी उरली.

अडचण मोजण्यात होती. उपकरणाचं वाचन तपासणाऱ्यानं हातानं किती जोर लावला यावर अवलंबून होतं. आणि समोरचा माणूस खोल स्क्वॉट करतो की नाही हे तपासणाऱ्याला आधीच ठाऊक असायचं, असा आक्षेप त्या काळच्या लिफ्टरांनी घेतला. आज याला आपण ‘ब्लाइंडिंग नव्हतं’ असं म्हणू. पुढे १९७१ मध्ये मेयर्स यांनी आणि १९८९ मध्ये चँडलर, विल्सन आणि स्टोन यांनी स्क्वॉटचं प्रशिक्षण देऊन आधी-नंतर गुडघे तपासले. खोल स्क्वॉटमुळे गुडघे सैल पडल्याचं त्यांना आढळलं नाही.

क्लाइन लबाड होते असं मी अजिबात म्हणत नाही. खेळाडूंचे गुडघे वाचावेत ही त्यांची कळकळ खरी होती. पण कळकळ खरी असली की मोजमापही खरं ठरतं असं नाही. उलट, निकाल काय यायला हवा हे आपल्याला मनापासून वाटत असतं, तेव्हाच हात नकळत जोर लावतो.

पोट आत, की पोट घट्ट?

आता सिनॉप्सिसचा दुसरा अर्धा भाग: कोअर. हा शब्द जिममध्ये आज इतका रुळलाय की तो कायमचाच होता असं वाटतं. खरं तर तो १९९० च्या दशकानंतर लोकांच्या तोंडी बसला. त्यामागची कल्पना मात्र जुनी आहे.

जड वजनाखाली जाताना आपण छाती-पोटभर श्वास घेतो, रोखून धरतो आणि पोट ताठ करतो. याला ‘वॉल्साल्व्हा’ म्हणतात. अंतोनिओ मारिया वॉल्साल्व्हा हे इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ. त्यांचा ग्रंथ १७०४ चा आणि विषय चक्क मानवी कान! नाक-तोंड बंद करून जोर लावला तर मध्यकर्णातला पू बाहेर ढकलता येतो, या संदर्भात ती युक्ती आली होती. कानाची युक्ती बारबेलखाली पोचायला दोन-अडीच शतकं लागली.

१९५७ मध्ये बार्टेलिंक यांनी मांडलं, की वजन उचलताना पोटातला दाब वाढतो आणि तो कण्याला आतून टेकू देतो, त्यामुळे मणक्यांमधल्या चकत्यांवरचा भार हलका होतो. कल्पना सुंदर होती आणि बरीच वर्षं टिकली. पण १९८७ मध्ये मॅकगिल आणि नॉर्मन यांनी हिशेब पुन्हा केला. पोटातला दाब वाढवायला पोटाचे स्नायू आवळावे लागतात आणि ते आवळणंच कण्यावर भार टाकतं. म्हणजे ‘भार हलका होतो’ हे म्हणणं टिकेना. मग पोट आवळून फायदा काय? उत्तर सरकलं ते ताठपणाकडे: भार कमी झाला नाही तरी कणा डगमगत नाही. युक्ती तीच, स्पष्टीकरण बदललं.

श्वास रोखण्याची किंमतही मोजली गेली. १९८५ मध्ये मॅकडुगल आणि सहकाऱ्यांनी पाच बॉडीबिल्डरांच्या धमनीत थेट दाब मोजला. दोन्ही पायांच्या जड लेग प्रेसमध्ये सरासरी रक्तदाब ३२०/२५० पर्यंत गेला. म्हणून ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड वजनाखाली श्वास रोखू नये. हे वाक्य मी लेख लांबवायला लिहीत नाहीये.

यानंतर येतो १९९६ चा हॉजेस आणि रिचर्डसन यांचा पेपर. ऑस्ट्रेलियातल्या या दोघांनी कंबरदुखी असलेले १५ आणि नसलेले १५ जण घेतले. त्यांना उभं करून फक्त हात झटकन हलवायला सांगितलं आणि पोटाच्या सगळ्यात आतल्या स्नायूत, म्हणजे ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिसमध्ये, बारीक तारांचे इलेक्ट्रोड घालून तो केव्हा जागा होतो ते नोंदवलं. निरोगी लोकांत तो हात हलण्याच्या आधीच जागा व्हायचा. कंबरदुखीवाल्यांत त्याला उशीर व्हायचा.

प्रयोग नेटका होता. आता त्यापुढची साखळी बघा. उशीर होतो, म्हणजे तो स्नायू कमजोर असणार. कमजोर आहे, म्हणजे त्याला वेगळा व्यायाम हवा. व्यायाम म्हणजे बेंबी आत ओढणं. आणि कंबरदुखीवाल्यांना ते उपयोगी, तर दीडशे किलोचा स्क्वॉट मारणाऱ्यालाही असणारच! यातली एकही पायरी मूळ पेपरनं मोजलेली नव्हती. मोजली होती हात हलवतानाची काही मिलिसेकंदांची दिरंगाई. तरी काही वर्षांत जिमजिममधून ‘बेंबी आत घ्या’ ऐकू यायला लागलं.

वॉटरलू विद्यापीठातले मॅकगिल याच्या विरुद्ध बाजूला होते. त्यांचं म्हणणं, पोट आत ओढू नका, सगळीकडून घट्ट करा, जणू कोणी पोटात गुद्दा मारणार आहे. २००७ मध्ये ग्रेनिए आणि मॅकगिल यांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली. कण्याची स्थिरता पोट घट्ट करण्यानं जास्त वाढते असं दिसलं. कारण यांत्रिक आहे. तंबूची दोरी खांबाला चिकटवून बांधली तर टेकू कमी, लांब खुंटीला बांधली तर जास्त. पोट आत ओढलं की दोऱ्या खांबाजवळ येतात.

त्याच सुमारास तिसरा प्रश्न पुढे आला: स्क्वॉटसाठी कोअरचा वेगळा व्यायाम लागतो, की स्क्वॉट हाच कोअरचा व्यायाम? २००७ मध्ये हॅमलिन आणि सहकाऱ्यांनी, तर २००८ मध्ये नुझो आणि सहकाऱ्यांनी ईएमजीनं धडाचे स्नायू तपासले. पाठीच्या बाजूच्या स्नायूंची सक्रियता जड स्क्वॉट आणि डेडलिफ्टमध्ये चटईवरच्या किंवा चेंडूवरच्या व्यायामांपेक्षा जास्त निघाली. इथेही सावध राहा. ईएमजी त्या क्षणी स्नायू किती सक्रिय आहे ते सांगतो. दहा आठवड्यांनी तो किती बळकट होईल ते नाही.

दुसरा सिनॉप्सिस

चार महिन्यांनी मी एका वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘मोजलं’, उजवीकडे ‘सांगितलं’. क्लाइन: डावीकडे गुडघ्याचा सैलपणा, उजवीकडे खोल बसू नका. हॉजेस-रिचर्डसन: डावीकडे मिलिसेकंद, उजवीकडे बेंबी आत. सातो: डावीकडे धडाचा कल, उजवीकडे... आणि तिथे दुसऱ्या कोणाचं नाव लिहायची गरजच पडली नाही. ‘ताकद वाढते’ हे मीच लिहिलं होतं.

त्या पानावरून नवा आराखडा निघाला. प्रश्नाचे दोन तुकडे केले. पहिला तात्कालिक: तोच माणूस, एकाच दिवशी, तीन स्थिती. अनवाणी, सपाट कडक तळ आणि उंच कडक टाच. क्रम चिठ्ठी टाकून ठरवायचा. इथे जो फरक दिसेल त्याला ‘ताकद’ म्हणायचं नाही, ‘भाराची वाटणी’ म्हणायचं. दुसरा दीर्घकालीन: दहा आठवड्यांचं प्रशिक्षण, वेगवेगळे गट. शेवटी प्रत्येकाची चाचणी स्वतःच्या बुटात, दुसऱ्याच्या प्रकारच्या बुटात, आणि खुर्चीवर बसून पाय ताणायच्या यंत्रावर, जिथे बुटाचा संबंधच येत नाही. आकडा फक्त स्वतःच्या बुटात वाढला तर ती त्या बुटाची सवय. तिन्हीकडे वाढला तरच ताकद. एका गटाला कोअरचा जादा व्यायाम, आणि दुसऱ्याला तेवढाच वेळ दुसरं काहीतरी, म्हणजे जादा मेहनतीचा फायदा कोअरच्या खात्यावर जमा होणार नाही. विश्लेषण करणाऱ्याला गट माहीत नसेल.

आणि वस्तादांचा प्रश्न? ‘मग घोटा वाकायचा कधी?’ तो आराखड्यात गेला. प्रत्येकाचा घोटा किती वाकतो हे सुरुवातीला आणि दहा आठवड्यांनी मोजायचं. कायम उंच टाचेवर सराव करणाऱ्याचा घोटा तसाच राहतो की सुधारतो, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. तो मला जर्नलमध्ये सापडला नव्हता, तालमीच्या दारात सापडला होता, आणि मी हसून सोडून दिला होता.

दुसऱ्या वेळी मॅडम पुन्हा होत्या. शीर्षकातून ‘ताकद वाढवणे’ गेलं होतं. त्यांनी चाचण्यांचा तक्ता दोनदा वाचला आणि विचारलं, “तिन्हीकडे वाढलाच नाही तर?”

“तर वाढला नाही असं लिहीन, मॅडम.”

“मग करा,” त्या म्हणाल्या. सिनॉप्सिस पास झाला.

आता तुमची पाळी. तुमच्या विषयातले सगळ्यात जास्त उद्धृत होणारे तीन पेपर काढा आणि पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त तेच लिहा जे उपकरणानं, प्रश्नावलीनं किंवा डोळ्यांनी खरोखर मोजलं. उजवीकडे तुम्ही त्यांच्या नावावर काय लिहिलंत ते. दोन्ही रकाने जुळले तर उत्तम. नाही जुळले तर घाबरू नका. त्या दोन रकान्यांमधली मोकळी जागा नीट बघा, तुमचा पीएचडीचा प्रश्न बहुधा तिथेच बसलेला असतो.